जुलूम कुणाचा, साहेबाचा की टेबलाचा? चार सिनेमे, लावायचा एक

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका वाचनकट्ट्यानं ठरवलंय की या महिन्यात पुस्तकाऐवजी सिनेमा लावायचा आणि नंतर चहा घेत त्यावर बोलायचं. विषय सरकारी अंमल आणि माणसाचं स्वातंत्र्य. यादी चार नावांवर आलीय: 'फॅरनहाइट 451', 'नाइन्टीन एटी-फोर', 'ब्राझील' आणि 'व्ही फॉर व्हेंडेटा'. सगळेच उद्याच्या काळ्या दिवसांचे, सगळेच इंग्रजी. लावायचा एकच, म्हणून इथं चौघांना शेजारी उभं करतो. गोष्टीतलं थोडं फुटेल, त्याला इलाज नाही.

निवडताना मी एकच बघतो. सिनेमात लोकांचा गळा नेमकं कोण धरतंय? वर बसलेला एखादा चेहरा, की खाली टेबलामागे बसून शिक्का मारणारा माणूस? चेहरा असला की प्रेक्षकाचं काम सोपं होतं. त्याला शिव्या घालायच्या, तो पडला की टाळ्या वाजवायच्या आणि बाहेर येऊन गाडीला किक मारायची. टेबल असलं की जरा अवघडल्यासारखं होतं, कारण टेबलाच्या दोन्ही बाजूंना आपल्याच ओळखीची माणसं बसलेली असतात.

'व्ही फॉर व्हेंडेटा' (2005) चेहऱ्यांचा सिनेमा आहे. भिंतभर पडद्यावर ओरडणारा हुकूमशहा एकीकडे, त्याच्यासमोर मुखवट्यातला बंडखोर. मुखवटा गाय फॉक्सचा, म्हणजे 1605 साली इंग्लंडची संसद उडवून द्यायच्या कटात पकडला गेलेल्या माणसाचा. जगभरच्या मोर्चांत आज जो पांढरा हसरा मुखवटा दिसतो, तो लोकांपर्यंत पोचला या सिनेमामुळेच. वेग आहे, संवाद फर्डे आहेत, पोरांना नाद खुळा आवडेल. मला त्यातला मधला भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ईव्ही नावाची मुलगी कोठडीत आहे. तिचं डोकं भादरलंय, रोज चौकशी आणि छळ. भिंतीतल्या उंदराच्या बिळातून तिला एका कैदी बाईनं टॉयलेट पेपरवर लिहिलेली चिठ्ठी सापडते. तिच्या जोरावर ही मरायला तयार होते, पण नाव सांगत नाही. मग कळतं की कोठडी सरकारची नव्हतीच. तिची भीती जावी म्हणून मुखवटेवाल्यानंच हा सगळा बनाव रचला होता. माणसाला कोंडून मोकळं करता येतं का, यावर कट्टा तासभर भांडेल. सिनेमा मात्र त्या प्रश्नापाशी फार थांबत नाही, त्याला शेवटच्या आतषबाजीची घाई असते.

'नाइन्टीन एटी-फोर'मध्ये (1984) चेहरा भिंतीभिंतीवर आहे, पण माणूस म्हणून तो कधी समोर येत नाही. समोर असतो विन्स्टन, आणि विन्स्टन स्वतःच कारकून आहे. नळीतून चिठ्ठी येते, कुठल्या जुन्या अंकातली बातमी फिरवायची ते त्यावर असतं. हा ती फिरवतो आणि मूळ कागद जाळायला टाकतो. बंड करतो तोही दिवसभर हेच काम करून. ही गोष्ट दिग्दर्शक मायकेल रॅडफर्डनं फार शांतपणे दाखवलीय. चित्रीकरण लंडन परिसरात 1984च्या एप्रिल ते जून याच काळात झालं, म्हणजे जॉर्ज ऑर्वेलच्या मूळ कादंबरीत जो काळ आहे त्याच महिन्यांत. रॉजर डीकिन्सच्या कॅमेऱ्यानं रंग असे उतरवलेत की सगळं गाव धुऊन धुऊन विटलेल्या कापडासारखं दिसतं. छळ करणारा ओब्रायन म्हणजे रिचर्ड बर्टन, त्याचा हा शेवटचा सिनेमा. तो आवाज न चढवता, मास्तर पोराला गणित समजावतो तसं बोलतो, आणि त्यानंच अंगावर काटा येतो.

विन्स्टन झालाय जॉन हर्ट. 'व्ही'मधला पडद्यावरून ओरडणारा हुकूमशहाही तोच. एकवीस वर्षांत माणूस पडद्यासमोरून पडद्यावर गेला! दोन्ही सिनेमे ओळीनं बघणाऱ्याला ही वेगळीच गंमत मिळते. पण कट्ट्यावर शाळकरी मुलं येणार असतील तर 'नाइन्टीन एटी-फोर' नको. नग्नता आहे, छळ आहे, आणि संपल्यावर कुणाला बोलावंसंच वाटत नाही. चर्चेसाठी सिनेमा लावायचा तर ही मोठी अडचण.

शाळकरी मुलांसाठी 'फॅरनहाइट 451' (1966) ठीक. फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफोचा हा एकमेव इंग्रजी सिनेमा. पुस्तकं जाळणं हेच इथं अग्निशामक दलाचं काम. नावंसुद्धा पडद्यावर लिहून येत नाहीत, कुणीतरी वाचून दाखवतं, आणि वर्तमानपत्रात नुसती चित्रं. नायकाची बायको भिंतीवरच्या टीव्हीतलं नाटक बघते, त्यातली पात्रं मध्येच वळून तिचं मत विचारतात आणि बाई हरखून जाते. तिला कुणी दटावलेलं नाही, तिला हे हवंच आहे. कल्पना अस्सल, पण संवाद लाकडी आणि चाल संथ. मागच्या रांगेत मोबाईल निघतील.

राहिला 'ब्राझील' (1985), आणि माझं मत त्यालाच. दिग्दर्शक टेरी गिल्यम. छतावर माशी मारली जाते, ती छपाईच्या यंत्रात पडते आणि वॉरंटवर टटल या आडनावाचं बटल होतं. ऐन नाताळात पोलीस छताला भोक पाडून घरात उतरतात, भलत्याच माणसाला पोत्यात कोंबतात आणि त्याच्या बायकोला रीतसर सही करायला लावतात. नवरा नेल्याची पावती तिला, आणि ती पावती मिळाल्याची पावती साहेबांना. पुढे नायक सॅम तिच्या घरी चेक घेऊन जातो, कारण चौकशीचे पैसे चुकून त्यांच्याकडून जास्त कापले गेलेत. बाई विचारते, त्यांचं प्रेत कुठाय? सॅमकडे त्याचा फॉर्म नसतो. खरा टटल कोण, तर एसी दुरुस्त करणारा मिस्त्री. कागद न भरता परस्पर दुरुस्ती करतो, एवढ्यासाठी तो दहशतवादी. ही भूमिका रॉबर्ट डी नीरोची.

हुकूमशहा अख्ख्या सिनेमात कुठं नाही. छळ करणारा इसम म्हणजे सॅमचा जुना मित्र, चांगला घरंदाज माणूस. कोटावर रक्ताचे डाग आणि ऑफिसात त्याची चिमुरडी खेळतेय. एका दाखल्यासाठी तीन खिडक्या फिरलेला कुठलाही कोल्हापूरकर यात हसेल, आणि पुढं हसू कुठं थांबवायचं हे त्याला कळणार नाही. कट्ट्यावर निवृत्त सरकारी नोकर बरेच आहेत. त्यांनी टेबलाची दुसरी बाजू बोलून दाखवली तर माझ्या दृष्टीनं बैठक वसूल.

टेबलावरून सिनेमाचं काय होतं, हे आपल्या गावालाही नवं नाही. प्रभात कंपनी कोल्हापुरात असताना शिवाजी महाराजांवरचा 'स्वराज्याचे तोरण' ब्रिटिश सेन्सॉरनं त्या नावानं जाऊ दिला नाही, तो 'उदयकाल' म्हणून आला. 'ब्राझील'च्या मागे मात्र सरकार नव्हे, त्याचाच स्टुडिओ लागला. युनिव्हर्सलच्या साहेबांना गोड शेवट हवा होता. गिल्यमनं 'व्हरायटी' या सिनेधंद्याच्या अमेरिकी पत्रात पानभर जाहिरात देऊन विचारलं, माझा सिनेमा कधी दाखवणार? लॉस एंजेलिसच्या समीक्षकांनी त्याला त्या वर्षीचा सर्वोत्तम सिनेमा ठरवलं, तेव्हा कुठं तो सुटला.

म्हणून लावण्याआधी लांबी तपासा. 142 मिनिटांची प्रत पूर्ण आहे, अमेरिकेत आलेली 132 मिनिटांचीही चालेल. 94 मिनिटांची मिळाली तर ती स्टुडिओनं कापून शेवट गोड केलेली, ती घेऊ नका. इंग्रजी सबटायटल्स लावाच, संवाद भरभर जातात. आणि पहिल्यांदाच असा सिनेमा बघणारी कॉलेजची पोरं निम्म्याहून जास्त असतील, तर माझं मत बाजूला ठेवून 'व्ही' लावा. 'ब्राझील' पुढच्या महिन्यात.