फायलोडीसची गाठ आणि शासकीय कर्करोग रुग्णालय, छत्रपती संभाजीनगर : आमचा अनुभव

आमखास मैदानाजवळच्या या सरकारी हॉस्पिटलात आम्ही माझ्या धाकट्या जावेला नेलं होतं. आजार असा, की अंबड भागात कुणी नावही ऐकलेलं नव्हतं: फायलोडीस ट्यूमर. स्तनाच्या शंभर गाठींत एकही या जातीची निघेलच असं नाही, इतका विरळा.

कापूसवेचणीच्या सुरुवातीला तिच्या हाताला लागली तेव्हा गाठ लिंबाएवढी होती, वेचणी सरेस्तोवर मोसंबीएवढी झाली. दुखत नव्हती म्हणून ती अंगावर काढत राहिली. मग एका खाजगी दवाखान्यात एफएनएसी, म्हणजे बारीक सुईनं गाठीतल्या पेशी काढून तपासणी केली, साधी गाठ म्हणाले आणि काढून टाकली. काढलेल्या गाठीचा रिपोर्ट आला तो हा: फायलोडीस, बॉर्डरलाइन (म्हणजे साधी आणि कर्करोगाची यांच्या मधली), काढलेल्या तुकड्याच्या कडेपर्यंत गाठीच्या पेशी. तिथं एवढंच सांगितलं की आता पूर्ण स्तन काढा, काख साफ करा (म्हणजे काखेतल्या लसीका ग्रंथी काढा), मग केमो. त्या रात्री घरात कुणी जेवलं नाही.

संभाजीनगरच्या डॉक्टर मॅडमनी कापाकापीची गोष्टच आधी काढली नाही. जुने ब्लॉक (मेणात जपलेले गाठीचे तुकडे) आणि स्लाइड (त्यांचे काचेवरचे पातळ काप) मागवून घेतल्या आणि पुन्हा तपासायला दिल्या. रिपोर्ट तोच निघाला. मग कोऱ्या कागदावर पेनने एक गोल काढला, त्याच्याभोवती दुसरा मोठा गोल. "ताई, गाठ इथं होती. आता भोवतालचं चांगलं मांस चहूबाजूंनी सेंटिमीटरभर काढायचं. ते राहिलं तर गाठ त्याच जागी परत येते." एफएनएसीत ही गाठ आणि फायब्रोॲडिनोमा (स्तनातली साधी, कर्करोग नसलेली गाठ) यांतला फरक बऱ्याचदा कळत नाही, म्हणून झपाट्यानं वाढणाऱ्या गाठीची आधी कोअर बायोप्सी, म्हणजे जाड सुईनं गाठीचा तुकडा काढून तपासणी करायची असते, हेही तिथंच कळलं.

जावेला धास्ती काखेची होती. काखेतल्या ग्रंथी काढल्या की हाताला सूज येऊ शकते, आणि हात गेला तर शेतात करणार काय? मॅडम म्हणाल्या, "हा आजार सहसा काखेत जात नाही. पसरलाच तर रक्तातून फुप्फुसात जातो. म्हणून काखेला हात लावत नाही, छातीचा सीटी करू." सीटी चांगला आला. स्तन राखून ऑपरेशन झालं, नव्या रिपोर्टात कडा मोकळ्या आल्या, आणि केमोची गरज पडली नाही. एवढं समजावून सांगणारं माणूस भेटलं, यालाच मी पाचपैकी पाच देते.

ऑपरेशनचा खर्च महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसला. आरोग्यमित्राच्या (हॉस्पिटलात या योजनेचं काम बघणाऱ्या माणसाच्या) टेबलावर आधी जा, कागद त्यांच्याकडूनच बघून घ्या. रेशनकार्ड आणि आधार यांवरचं नाव सारखं हवं. जावेच्या एका कागदावर माहेरचं आडनाव होतं, तिथं खोळंबा झाला.

आता दर काही महिन्यांनी तपासणीला जावं लागतं. पहिली दोन वर्षं जास्त जपायची, कारण गाठ परत आली तर बहुतेक वेळा तेवढ्यातच येते. आधी दुसरीकडे ऑपरेशन झालं असेल तर तिथून नुसता रिपोर्ट आणू नका, ब्लॉक आणि स्लाइडही मागून घ्या. मागितल्याशिवाय कुणी हातात देत नाही.