रास्पबेरी पाय ४, नऊ महिने: गव्हर्नरला घातलेल्या शिव्या परत घेतोय

परवा रात्री माझा रास्पबेरी पाय ४, म्हणजे तळहाताएवढा कॉम्प्युटर-बोर्ड, पुन्हा आपोआप रीबूट झाला आणि एसडी कार्डवरची फाइल सिस्टीम गेली. बॅकअप होता म्हणून वाचलो. काम म्हणाल तर किरकोळ: थोडं फाइल शेअरिंग आणि जाहिराती अडवणारा डीएनएस (वेबसाइटच्या नावावरून पत्ता सांगणारी सेवा). त्यापेक्षा जास्त वेळ मी सेटिंगशी खेळण्यातच घालवलाय.

आधी सगळा राग 'ऑनडिमांड' गव्हर्नरवर होता. गव्हर्नर म्हणजे प्रोसेसरचा वेग ठरवणारा कर्नलचा (ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याचा) भाग. काम नसलं की ६०० मेगाहर्ट्झ, आलं की १५००. या चढउतारातच एसएसएच (दुसऱ्या कॉम्प्युटरवरून बोर्ड चालवायची जोडणी) अडखळतं अशी माझी ठाम समजूत. म्हणून वेग कायम कमाल ठेवणारा 'परफॉर्मन्स' गव्हर्नर लावला. सिसएफएसमध्ये (कर्नलची सेटिंग फाइलसारखी दिसतात ती जागा) लिहिलेलं रीबूटनंतर टिकत नाही, तेव्हा त्यासाठी बूट होताना आपोआप चालणारी सिस्टमडीची सर्व्हिस लिहिली. मग 'शेडयुटिल' हा आणखी एक गव्हर्नर. मग हाव सुटली आणि कॉन्फिगमध्ये ओव्हरक्लॉक केला, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त वेग: आर्म फ्रिक्वेन्सी (प्रोसेसरचा वेग) २०००, ओव्हरव्होल्टेज (त्यासाठी वाढवलेला व्होल्टेज) ६. दोन दिवस बोर्ड काय पळाला!

तिसऱ्या दिवसापासून मोठी फाइल कॉपी करताना मध्येच मरगळ. गंमत म्हणजे कर्नल सांगतो २०००, आणि व्हीसीजेनकमांड या पायच्या आज्ञेने खरा क्लॉक मोजला तर ६००. तापमान ५८ अंश, म्हणजे वेग कापायची ८०ची मर्यादा कुठच्या कुठे. हीटसिंकला दोष देत मी आणखी काही आठवडे काढले, हे कबूल करतो.

परवाच्या प्रकारानंतर त्याच आज्ञेतलं 'गेट थ्रॉटल्ड' (वेग का कापला ते सांगणारं) चालवलं. उत्तर आलं ०x५०००५. यातला प्रत्येक बिट म्हणजे एकेका इशाऱ्याची खूण. शेवटचा ५ म्हणजे बिट ० आणि २: आत्ता व्होल्टेज कमी आहे आणि आत्ता वेग कापलाय. आधीचा ५ म्हणजे बूट झाल्यापासून हेच आधीही घडलंय. पुरवठा ४.६३ व्होल्टच्या आसपास घसरला की फर्मवेअर (बोर्डमधलंच, कर्नलच्याही खालचं सॉफ्टवेअर) परस्पर वेग उतरवतं. गव्हर्नर बिचारा काय करणार! स्क्रीन जोडलेली असती तर विजेचं चिन्ह दिसलं असतं. माझ्या बोर्डला स्क्रीनच नाही. डीमेसेजमध्ये (कर्नलच्या नोंदींत) ओळी होत्या, पण बघतो कोण?

गुन्हेगार: ड्रॉवरमधली जुन्या मोबाइलची बारीक वायर. लांबलचक, लवचिक, आणि मुख्य म्हणजे फुकटची. तिच्या टोकाला मल्टिमीटर लावला, तर कॉपी सुरू होताच आकडा ४.९ वरून ४.५ वर. नऊ महिने मी सॉफ्टवेअरमध्ये घाण शोधत होतो.

आता ५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचा पुरवठा. ओव्हरक्लॉक काढला, सर्व्हिस पुसली, 'ऑनडिमांड' परत आणला. एसएसएच अडखळत नाही. 'गेट थ्रॉटल्ड'चा आकडा रोज सकाळी बघतो: ०x०, म्हणजे एकही इशारा नाही.

वायर फेकलेली नाही. टेबल लॅम्पला चालते.