दुर्बीण उत्तम, पण सोलापूरच्या अक्षांशाला तिचा माउंट अडतो: आठ महिन्यांचा अनुभव

ऑक्टोबरात घेतली. 130 मिलिमीटर आरशाची न्यूटोनियन दुर्बीण, फोकल लेंग्थ 650, सोबत इक्वेटोरियल माउंट (ताऱ्यांच्या चालीने दुर्बीण फिरवणारा आधार) आणि एका अक्षाची मोटर. आरशाबद्दल तक्रार नाही. डीएसएलआर कॅमेरा टी-रिंगने (जोडकडीने) थेट बसतो आणि बार्लोशिवाय, म्हणजे मध्ये जादा भिंग न लावता, फोकस येतो. बऱ्याच स्वस्त न्यूटोनियनमध्ये तो येतच नाही, म्हणून दुकानात कॅमेरा घेऊन जा आणि लांबच्या टॉवरवर फोकस लावून बघा. मला बोलायचंय ते माउंटबद्दल.

सोलापूरचा अक्षांश 17.7 अंश. ध्रुवतारा क्षितिजापासून तेवढाच वर आणि माउंटचा अक्ष त्याच्याकडेच रोखावा लागतो, म्हणजे तोही जवळजवळ आडवा. लंडनला 51 अंशांवर काउंटरवेटचा (दुर्बिणीचा तोल सांभाळणाऱ्या वजनांचा) दांडा बाहेरच्या बाजूला झुकतो, पायांना लागत नाही. आपल्याकडे तो खाली आला की जवळपास सरळ लोंबतो. त्यात माउंटची खुंटी एका पायाच्या बरोबर वर, त्यामुळे तोच पाय उत्तरेला येतो.

मार्चमध्ये नान्नजकडे मावशीच्या रानात मृगाचा तेजोमेघ टिपत होतो. दहा वाजून गेले, मृग मावळतीला कलला, तशी वजनं हळूहळू खाली येत होती. 30 सेकंदांच्या फोटोंत तारे अचानक लांबट यायला लागले. मला वाटलं वारा आहे. मग कट्‌कट् असा आवाज. टॉर्च मारला तर वजन पायाला टेकलेलं, रंग खरवडलेला आणि मोटर तशीच रेटत होती. प्लास्टिकच्या गिअरचे चार दात गेले.

दुकानदार म्हणाला, वापर चुकीचा, वॉरंटीत बसत नाही. तीनदा फोन केला, फोटो पाठवले. अक्षांश 17.7 ठेवणं हा चुकीचा वापर कसा, याचं उत्तर अजून मिळालेलं नाही. नव्या मोटरचे साडेचार हजार खिशातून गेले. त्या रागात आख्खा सेट विकायला काढला होता.

विकला नाही, कारण अक्कलकोट रोड एमआयडीसीतला लेथवाला. यंत्रमागाचे सुटे भाग करतो. माउंट उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाला, "होतंय की ओ, आठ इंची पाइप टाकू मधी." ट्रायपॉड आणि माउंटच्या मध्ये लोखंडी पाइप, दोन्हीकडे बोल्ट लावायला फ्लँज (चकत्या). नऊशे रुपये. आता वजन पायाच्या वरूनच फिरतं. उंची वाढल्यामुळे थोडं हलतं; मधल्या ट्रेवर वाळूची पिशवी ठेवली की थांबतं.

मेच्या पहिल्या आठवड्यात त्याच रानातून ओमेगा सेंटॉरी या तारकागुच्छाचा फोटो घेतला. याच 17.7 अंशांमुळे तो आपल्याकडे दक्षिणेला 25 अंश वर येतो. लंडनहून तो दिसतच नाही. 30 सेकंदांचे 40 फोटो, डीपस्कायस्टॅकर या सॉफ्टवेअरमध्ये एकत्र केले. कडेचे तारे सुटे सुटे मोजता येतात. तो फोटो बघितल्यावर विकायचा विचार गेला, दुकानदारावरचा राग मात्र गेला नाही.

घेणाऱ्यांनी दुकानातच माउंटचा अक्षांशाचा काटा 17.7 वर आणून वजनं लावावीत आणि दांडा पूर्ण फिरवून बघावा. दुकानदार कंटाळला तरी चालेल.

सध्या पावसामुळे दुर्बीण चादरीत गुंडाळून कपाटावर ठेवली आहे. पाइप काढलेला नाही.