फोर-ट्रॅक कॅसेटवरून लॅपटॉपवर: आठ महिने वापरल्यानंतर

मी कवितांना चाली लावते, गाते, पेटी वाजवते, तबल्याला बाबा. सांगलीच्या घरात मागच्या खोलीत आमचं रेकॉर्डिंग चालतं. आठ महिन्यांपूर्वीपर्यंत ते सगळं फोर-ट्रॅक कॅसेट रेकॉर्डरवर व्हायचं. टीॲक कंपनीने 1979 मध्ये पोर्टास्टुडिओ 144 काढला, त्याच जातीचं यंत्र. साध्या कॅसेटच्या फितीवर चार ट्रॅक, म्हणजे वेगवेगळ्या भरता येणाऱ्या आवाजाच्या चार ओळी, चारही एकाच दिशेने, म्हणून कॅसेटला दुसरी बाजू नाही. फीत दुप्पट वेगाने पळते, त्यामुळे नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर साडेबावीस मिनिटंच मावतात.

आता माझ्याकडे 16 जीबी रॅमचा विंडोज लॅपटॉप, दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस (माइकचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारी पेटी), ऑडिओ-टेक्निकाचा एटी2020 माइक आणि रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर आहे. रीपर 60 दिवस पूर्णपणे वापरून बघता येतं, मग घरगुती वापराचा परवाना 60 डॉलरला मिळतो. मी तो विसाव्या दिवशीच घेतला.

बदलायचं कारण सूर. आमच्या यंत्रातला फीत फिरवणारा पट्टा सैल पडला होता. सोमवारी तानपुरा आणि तबला भरायचा, गुरुवारी पेटी भरायला बसावं तर तानपुरा खाली उतरलेला. फितीचा वेग सव्वा टक्का बदलला की सूर जवळजवळ एका प्रमाण श्रुतीने, म्हणजे कानाला कळेल इतक्या बारीक अंतराने, सरकतो. पेटी काही सरकत नाही. वेगाचं बटण फिरवून फिरवून मी तानपुरा काळी दोनला आणायची, आणि गाणं संपेपर्यंत तो पुन्हा हललेला असायचा. लॅपटॉपवर जूनमध्ये भरलेला तानपुरा आजही तिथेच आहे. बाकीचं काहीही चांगलं झालं नसतं तरी एवढ्यासाठी मी हा बदल केला असता.

बाकीचंही झालं. टेपवर तानपुरा, तबला आणि पेटी असे तीन ट्रॅक चौथ्यावर एकत्र करायचे आणि मोकळ्या झालेल्या तीन ट्रॅकांवर गळा भरायचा, अशी आमची पद्धत. एकदा एकत्र केलं आणि दुसऱ्या दिवशी पेटी जड वाटली, तर इलाज नाही. प्रत्येक वेळी फितीची खरखर वाढते ती वेगळीच. आता पेटी शेवटच्या दिवशीही कमी करता येते. 24 बिट, 48 किलोहर्ट्झवर (म्हणजे सेकंदाला आवाजाचे 48,000 नमुने) एका ट्रॅकचं एक मिनिट साधारण साडेआठ एमबी घेतं. चार ट्रॅकांचा तास म्हणजे दोन जीबी. जागेची काळजी मी सोडून दिली आहे.

पहिले दोन आठवडे मात्र अवघड गेले. हेडफोनमध्ये माझाच आवाज मला उशिरा ऐकू यायचा आणि हरकत घेताना जीभ अडखळायची. बफर, म्हणजे लॅपटॉप एका वेळी किती नमुने साठवून पुढे पाठवतो तो आकडा, 1024 वर ठेवला होता, ही चूक माझी. 48 किलोहर्ट्झला तेवढ्यानेच 21 मिलिसेकंद जातात. 128 वर आणल्यावर ते तीनच्या आत आले. त्याहून सोपं म्हणजे इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटरचं बटण: आवाज लॅपटॉपमध्ये जायच्या आधीच कानात येतो. गाणाऱ्यांनी तेच वापरावं. घरघर येत होती, ती लॅपटॉपचा चार्जर काढल्यावर गेली. आमच्या जुन्या वायरिंगला अर्थिंग नीट नाही. आता भरताना लॅपटॉप बॅटरीवर, पंखा बंद, दारावर गोधडी, आणि वेळ पहाटे पाचची, शेजारचे कुकर लागायच्या आत.

पातळीची सवयही बदलावी लागली. टेपवर बायाँ (तबल्याचा डावा, खर्जाचा) जोरात आला तर फीत तो जरा दाबून, गोल करून घ्यायची. आम्ही मुद्दाम काटा लाल रंगात जाऊ द्यायचो. इथे शून्य डेसिबलच्या वर गेलं की आवाज फाटलाच. मी सर्वांत मोठा ठोका उणे 12 डेसिबलच्या आसपास ठेवते. पण टेपवरचा तो भरलेला बायाँ मला अजून इथे मिळालेला नाही, हे सांगायला हवं.

तालाचा प्रश्न बाबांनी सोडवला. रीपरमध्ये सात मात्रा लावल्या तर मेट्रोनोम (लयीचा ठोका देणारं यंत्र) पहिल्या मात्रेवर जोरात वाजतो, आणि सात मात्रांच्या रूपक तालात समेवर, म्हणजे पहिल्याच मात्रेवर, टाळी नसते, 'खाली' असते. ठोक्यांची रचना बदलून चौथी आणि सहावी मात्रा ठळक केली. तरी बाबा दोन आवर्तनांत थांबले. म्हणाले, "मी ह्याच्या मागे चालणार नाही. ह्याला माझ्या मागे येऊ दे." त्यांचं बरोबर होतं. अंतऱ्यानंतर लय कणभर चढते, तशी ती चढायलाच हवी. आता आधी तानपुऱ्यावर मी कच्चं गाते आणि बाबा वाजवतात, मेट्रोनोम बंद ठेवून. मग बाकी सगळं त्या तबल्यावर. पडद्यावरच्या उभ्या रेषा आणि आमच्या मात्रा जुळत नाहीत. न जुळोत.

जुन्या कॅसेटी कुणाला उतरवायच्या असतील तर माझी चूक टाळा. दोन इनपुट असल्यामुळे मी आधी ट्रॅक 1-2 आणि मग फीत मागे नेऊन 3-4 भरले. पाच मिनिटांच्या गाण्याच्या शेवटी गळा आणि तबला सुटे झाले होते. दोन फेऱ्यांमध्ये वेग हजारात एक इतका जरी बदलला तरी पाच मिनिटांत 300 मिलिसेकंदांचा फरक पडतो, मध्यलयीत तो अर्ध्या मात्रेहून जास्त. चारही ट्रॅक एकदमच घ्यावे लागतात. एका मित्राचा चार इनपुटचा इंटरफेस महिनाभर मागून आणला, यंत्राचा पट्टा बदलून घेतला, फीत वाचणारं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं. कॅसेट डीबीएक्स (फितीची खरखर कमी करणारी सोय) लावून भरलेली असेल तर उतरवतानाही ते चालू हवं, नाहीतर आवाज चिरका आणि श्वास घेतल्यासारखा येतो.

एक तक्रार उरते. पडद्यावर आवाज दिसतो, आणि दिसला की मी ऐकायची थांबते. एका मुखड्याचे सदतीस टेक जमले. तुकडे जोडून केलेली ओळ सुरात होती, पण तिच्यात श्वास कुठेच खरा नव्हता. ती मी पुसली आणि सलग गायलेला चौथा टेक ठेवला, निषाद थोडा खाली असून. आता तीनच टेक घेते आणि ऐकताना लॅपटॉपचं झाकण अर्धं मिटते.

तीस कॅसेटींपैकी एकोणीस उतरवून झाल्या. दोन हार्ड डिस्कवर प्रती आहेत, त्यातली एक बहिणीकडे कोल्हापूरला. उरलेल्या अकरांमध्ये बाबांचा झपतालातला एकल तबला आहे. तो त्यांना शेजारी बसवूनच उतरवणार आहे, कारण कॅसेटवर कुठेही तारीख लिहिलेली नाही आणि ती फक्त त्यांना आठवते.