चिंक्वे तेर्रेला ऑक्टोबरच्या पावसात जावं का? आमचा रिव्ह्यू

पाचपैकी चार स्टार. एक कापला तो रूममुळे, पावसामुळे नाही, हे आधीच सांगून टाकते कारण धुळ्यातल्या आमच्या निम्म्या नातेवाइकांना अजून वाटतं की एवढा पैसा घालून आम्ही तिकडं नुसती छत्री धरून बसलो होतो. पावसात ही गावं मस्त बघता येतात, फक्त प्लॅन वेगळा लागतो, आणि सगळे लोक उन्हाळ्यातले निळ्याशार पाण्याचे फोटो टाकतात त्यातून तो प्लॅन काही कळत नाही.

ज्यांनी नावच ऐकलं नाही त्यांच्यासाठी पटकन: इटलीच्या लिगुरिया भागात, ला स्पेत्सिया शहराला लागून, समुद्राच्या काठावर पाच गावं आहेत. रियोमाज्जोरे, मानारोला, कोर्निल्या, वेर्नात्सा आणि मोंतेरोस्सो. १९९७ पासून युनेस्कोच्या यादीत, १९९९ ला नॅशनल पार्क. ऑक्टोबर-नोव्हेंबर हे तिकडचे सगळ्यात जास्त पावसाचे महिने, हे आम्हाला माहीत होतं, पण ऊन आम्हाला घरी फुकट मिळतं, मे महिन्यात खान्देशात पंचेचाळीस डिग्रीत राहणाऱ्या माणसानं युरोपात जाऊन परत उन्हातच लोळायचं, ते पण पीक सीझनचे रेट देऊन, हे काही ह्यांना पटलं नाही आणि खरं सांगायचं तर मलापण नाही.

पावसाळी ट्रिपचा सगळा भार ट्रेनवर असतो. ला स्पेत्सिया ते लेवांतो चिंक्वे तेर्रे एक्स्प्रेस धावते, पाचही गावांत थांबते, आणि एका गावातून पुढच्या गावात जायला दोन-चार मिनिटं लागतात, तुम्ही सीटवर टेकून ओली छत्री कुठं ठेवायची हे ठरवेपर्यंत उतरायची वेळ. लाइन बहुतेक सगळी डोंगराच्या पोटातून, बोगद्यांतून जाते. १८७४ ला ही जेनोवा-ला स्पेत्सिया लाइन पूर्ण झाली, त्याआधी या गावांत जायचं म्हणजे बोट नाहीतर डोंगरातली पायवाट. एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, वेर्नात्साचा प्लॅटफॉर्म इतका आखूड जागेत आहे की त्याचा काही भाग बोगद्यातच येतो, गाडी थांबते आणि खिडकीबाहेर नुसता काळोख, आमच्या समोरचं जोडपं सिग्नल असेल म्हणून निवांत बसून राहिलं आणि गाडी त्यांना घेऊन पुढच्या स्टेशनला गेली. गावाचं नाव ऐकलं की दारात जाऊन उभं राहायचं, आणि दार आपोआप उघडेल म्हणून थांबायचं नाही, बटण दाबायचं.

ट्रेनवालं कार्ड मिळतं त्यात दिवसभर हव्या तितक्या फेऱ्या, पैसे लागणाऱ्या डोंगरातल्या वाटा, स्टेशनवरचं टॉयलेट आणि गावातली छोटी बस एवढं येतं. रेट तारखेप्रमाणे बदलतो. कागदाचं कार्ड घेतलं तर त्यावर नाव लिहा आणि चढायच्या आधी मशीनमध्ये पंच करा, टीसी येतो आणि ऐकून घेत नाही. पण पावसात माझं म्हणणं असं की रोज उठून डोळे झाकून कार्ड काढू नका. वाटा बंद असतील आणि तुम्ही एखाद्याच गावात जाणार असाल तर सुटी तिकिटं स्वस्त पडतात. तीन-चार गावं फिरायची असतील त्याच दिवशी कार्ड.

वाटांचं काय, तर हवामान खात्याचा अलर्ट रंगावर चालतो, पिवळा, नारिंगी, लाल. नारिंगी किंवा लाल आला की पार्कच्या वाटा बंद. मोंतेरोस्सो ते वेर्नात्सा ही साडेतीन किलोमीटरची वाट आमच्या लिस्टमध्ये पहिली होती, तिच्या तोंडाशी गेलो तर गेट लावलेलं. ह्यांचा चेहरा पडला. पण हे लोक उगाच घाबरत नाहीत. २५ ऑक्टोबर २०११ ला वेर्नात्सा आणि मोंतेरोस्सोत काही तासांत इतका पाऊस झाला की डोंगर चिखल होऊन खाली आला, दुकानं पार बुजली, माणसं गेली. वेर्नात्साचा मेन रोड म्हणजे मुळात झाकलेला ओढाच आहे, आणि वरच्या उतारावर शेकडो वर्षांपूर्वी लोकांनी नुसते दगड रचून, सिमेंट न घालता बांध घातले आणि द्राक्षं लावली, आता तिथं कष्ट करायला माणूस उरला नाही, बांध ढासळले की माती सुटते. ह्यांची शेती आहे त्यामुळे हा भाग ऐकताना ते एकदम गप्प झाले, मग द्राक्षं खाली आणायला डोंगरावर टाकलेली एका रुळाची इवलीशी मोनोरेल दिसली तेव्हा परत सुरू झाले, की हे यंत्र आपल्याकडं केळीला चालेल का. जळगावला सपाट जमिनीत कशाला लागतं हो रूळ, मी म्हटलं. वाट सुरू असली तरी चप्पल-स्लिपरवर जाऊ नका, पार्कवाले दंड करतात.

आता ज्याच्यासाठी मी पावसात परत जाईन ते सांगते. वेर्नात्साचं बंदर. समुद्र खवळला की मच्छीमार आपल्या बोटी पाण्यातून काढून सरळ चौकात आणून ठेवतात, हॉटेलच्या टेबलांच्या जागी निळ्या-लाल बोटी ओळीनं, दोरांनी आवळलेल्या, वरून ताडपत्री. आम्ही सांता मार्गेरिता चर्चच्या भिंतीला पाठ लावून उभे होतो. लाट येताना आधी आवाज येत नाही, धक्क्याला आपटल्यावर येतो, आणि मग पाण्याचा पांढरा पडदा वर जाऊन फरशीवर फुटतो, फेस बोटींच्या खालून वाहत परत जातो, पुढची लाट यायच्या आत. खारट थेंब चष्म्यावर. एक म्हातारे आजोबा रेनकोट घालून फक्त लाटा बघायला आले होते, हातात पिशवी, पिशवीत पाव. उन्हाळ्यात इथं पाय ठेवायला जागा नसते म्हणतात. सासूबाईंना व्हिडिओ कॉल लावून दाखवलं तर त्यांचं एकच, "तठे बी पाणीच शे का?"

कोर्निल्या हे एकच गाव वर डोंगरावर आहे, समुद्रापासून साधारण शंभर मीटर उंच, स्टेशनपासून पावणेचारशेच्या वर पायऱ्या. ओल्या पायऱ्या चढायची हौस नको, बसनं जा. गाव छान, शांत, तासाभरात होतं.

रियोमाज्जोरे ते मानारोला समुद्राच्या कडेनं जी वाट आहे, व्हिया देल्लामोरे, ती जोडप्यांसाठी फेमस आहे. २०१२ ला दरड पडून माणसं जखमी झाली, तेव्हा बंद केली ती थेट २०२४ ला उघडली. त्याला वेगळं तिकीट आणि ठरलेली वेळ. आम्ही रिमझिमीत चाललो, जेमतेम किलोमीटरभर, सपाट, वर सगळीकडं जाळ्या मारल्यात. नाव मोठं आहे, वाट ठीक आहे. पोहोचल्यावर मानारोला समोर दिसतं ते मात्र पावसात जास्त भारी दिसतं, भिंतींचे पिवळे-गुलाबी रंग भिजून गडद होतात.

खाणं. शाकाहारी माणसाला इटलीत हा भाग सगळ्यात सोपा. पेस्तो हा सॉस इथलाच, तुळशीच्या जातीतलं बेसिल, पाइन नट, लसूण, चीज, ऑलिव्ह तेल, ते त्रोफिये नावाच्या पिळदार पास्त्यावर, त्यात बटाटा आणि फरसबी. कट्टर शाकाहारी असाल तर लक्षात ठेवा, पार्मेजान चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट (दूध फाडायला घालतात ते) असतं. मोंतेरोस्सोत अँचोव्ही मासे प्रत्येक गोष्टीत डोकावतात, विचारून घ्या. आणि फारिनाता! हरभऱ्याचं पीठ, पाणी, तेल, मीठ, एवढंच, तांब्याच्या भल्यामोठ्या परातीत ओतून भट्टीत भाजतात. बाईनं सुरीनं तुकडा कापला, वरून करकरीत तपकिरी, आतून मऊ लुसलुशीत, कागदात गुंडाळून मिरपूड मारून हातात दिला. ह्यांनी पहिला घास घेतला आणि भर दुकानात, "हाई ते आपलं बेसननं धिरडं शे!" बरोबरच होतं, फक्त कांदा-मिरची-कोथिंबीर राहिली होती, ती कमी आम्ही रूमवर नेलेल्या ठेच्यानं भरून काढली. थंडीत भिजून आल्यावर याच्याइतकं चांगलं काही लागलं नाही. दुपारचं जेवण मात्र वेळेत करा, नंतर किचन बंद होतात ती रात्री सातच्या पुढंच उघडतात, आणि बिलात बसल्याचे वेगळे पैसे लावतात त्याला कोपेर्तो म्हणतात, ते फसवणं नाही, तिकडची रीतच आहे.

आता तो कापलेला स्टार. रूमचं नाव लिहीत नाही. फोटोत सी व्ह्यू होता तो खराच होता, पण तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, जिना इतका अरुंद की बॅग आडवी करून न्यावी लागली. भिंतीला ओल. आणि हीटर बंद. मालकाला विचारलं तर म्हणाला तारीख आली नाही. इटलीत हीटिंग कधीपासून चालू करायचं याच्या तारखा भागाप्रमाणे कायद्यानं ठरलेल्या असतात, या पट्ट्यात १ नोव्हेंबर. ते मान्य, पण मग बुकिंगच्या वेळी सांगा ना, आणि एक जादा ब्लँकेट तरी ठेवा. मोजे हेअर ड्रायरनं वाळवले, जीन्स तर वाळलीच नाही, ओलीच घडी करून पिशवीत भरून आणली.

त्यामुळे बुक करताना दोन गोष्टी मेसेज करून विचारा, पायऱ्या किती आणि खोली गरम करायला काय आहे. जीन्स नेऊच नका, लवकर वाळणारी पँट आणि बुटांचा दुसरा जोड न्या. छत्रीपेक्षा रेनकोट, तिकडचा वारा छत्री उलटी करतो. बोटीचं तिकीट आधी काढू नका, समुद्र खवळला की फेऱ्या रद्द होतात. आणि एखादा दिवस मोकळा मिळाला तर पोर्तोव्हेनेरेला जा, तिथं ट्रेन जात नाही, ला स्पेत्सियाहून बस आहे, खडकाच्या टोकावर सान पिएत्रोचं चर्च आहे आणि आम्ही गेलो तेव्हा बसमध्ये सहा-सात टाळकी होती.