कॉटमनची १२ रंगांची पेटी: बडोद्याहून एकट्याने स्पितीला नेताना

विन्सर अँड न्यूटनची ‘कॉटमन स्केचर्स पॉकेट बॉक्स’ ही जलरंगांची पेटी खिशात मावते. १२ हाफ पॅन (वाळलेल्या रंगाच्या वड्यांच्या छोट्या डब्या), झाकणातच रंग कालवायला खळगे. बडोद्याच्या कमाटीबागेत बसून रंगवायला ती आहे तशी उत्तम. एकट्याने गाडी काढून हिमाचलातल्या उंच, कोरड्या स्पितीला निघणार असाल, तर मात्र आधी तिच्यात थोडे बदल करा.

पेटी घ्यायचं मोठं कारण म्हणजे ट्यूब टळतात. ४,००० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ६० टक्केच असतो. बडोद्यात बंद केलेल्या ट्यूबमधली हवा तिथे फुगते आणि टोपण काढताच रंग बाहेर येतो. वॉटरब्रश, म्हणजे दांड्याच्या नळीत पाणी भरलेला ब्रशही असाच गळतो; टोक वर धरून आधी नळी सैल करा, मगच वापरा.

चायनीज व्हाइट हा पांढरा रंग काढून टाका. बर्फासाठी कागद कोरा सोडायचा असतो. त्या जागी अल्ट्रामरीन या निळ्याचा दुसरा पॅन हवा, कारण आकाश आणि सावल्या तेच खातात. बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी रंग मिसळला की खडकांचा करडा रंगही त्यातूनच निघतो. पॅन घरीच ट्यूबमधून भरायचा तर आधी अर्धा भरा, वाळू द्या, मग उरलेला. एकदम भरलेला रंग आकसून तडकतो, आणि स्पितीच्या कोरड्या हवेत पॅनमधून सुटतो. तडकू नये म्हणून ग्लिसरीनचा एक थेंब पुरे. जास्त झालं तर वाळतच नाही. हे काम मे महिन्यातच उरका, आपल्याकडच्या पावसाळी हवेत वडी चिकट राहते.

सोबतचा ब्रश अगदीच लहान. आकाशाचा वॉश (पातळ रंगाचा सलग थर) अर्ध्यावर येईतो वरची कड वाळलेली असते. ८ नंबरचा गोल ब्रश आणि ३०० जीएसएमचा जाड, पूर्ण कॉटन कागद घ्या. सुटा कागद मागूनही भिजवून ॲक्रिलिक शीटवर बसवला, तर वॉश बराच वेळ ओला राहतो. कागदावर ऊन मात्र पडू देऊ नका. त्या झगझगाटात रंग फिके भासतात, हात गडद लावत जातो आणि चित्र घरात आणल्यावर काळवंडलेलं दिसतं.

मनालीहून स्पितीला जाताना लागणाऱ्या ग्रांफू ते बातल रस्त्यावरचे नाले सकाळीच ओलांडा. दुपारी बर्फ वितळून पाणी चढतं, आणि गाडी अडकली तर ढकलायला सोबत कोणी नसतं. पेटी बातलला पोचल्यावरच उघडा.