पहिला बोर्ड म्हणून रास्पबेरी पाय पिको

मायक्रोकंट्रोलरचा (म्हणजे दिवे, सेन्सर वगैरे चालवणाऱ्या, एकाच चिपमधल्या छोट्या संगणकाचा) श्रीगणेशा आर्डुइनो उनो या बोर्डावरच करावा, हा सर्वांकडून मिळणारा सल्ला बाजूला ठेवून मी पुण्याच्या तपकीर गल्लीतून रास्पबेरी पाय पिको आणला आणि दोन महिन्यांच्या वापरानंतरही त्या निर्णयाचा पश्चात्ताप झालेला नाही. उनो आर-३ मध्ये रॅम अवघी २ केबी, तर २०२१ साली आलेल्या पिकोमध्ये २६४ केबी. त्यामुळेच यावर मायक्रोपायथन, म्हणजे सोप्या पायथन भाषेची छोट्या बोर्डांसाठीची आवृत्ती, चालते आणि सी भाषेशी झगडण्यात नवख्याचे पहिले आठवडे जात नाहीत.

पहिली संध्याकाळ मात्र वाया गेली, आणि त्यात बोर्डाचा काहीच दोष नव्हता. ‘बूटसेल’ बटण दाबून धरून केबल जोडली की संगणकावर पेनड्राइव्हसारखी एक ड्राइव्ह दिसायला हवी. ती काही केल्या दिसेना. तासभर ड्रायव्हर धुंडाळल्यावर लक्षात आले, की दुकानदाराने सोबत दिलेली केबल केवळ चार्जिंगची होती. जुन्या मोबाइलची केबल लावताच ड्राइव्ह हजर झाली. तिच्यात मायक्रोपायथनची यूएफ-२ फाइल (बोर्डावर चढवायच्या प्रोग्रामची फाइल) टाकल्यावर ती ड्राइव्ह आपोआप नाहीशी होते, तेव्हा घाबरू नये. बोर्ड तयार झाल्याची ती खूण आहे.

पुढचे काम थॉनी या मोफत एडिटरमध्ये होते. बोर्डावरचा एलईडी २५ क्रमांकाच्या पिनवर आहे, परंतु वायफाय असलेल्या ‘पिको डब्ल्यू’मध्ये तो वायरलेस चिपला जोडलेला असल्याने २५ हा आकडा लिहून तो पेटत नाही, तेथे ‘एलईडी’ हेच नाव द्यावे लागते. संगणकाविना प्रोग्राम चालावा असे वाटत असेल, तर फाइल ‘मेन डॉट पीवाय’ या नावाने बोर्डावरच साठवावी.

साध्या पिकोला पिना जोडलेल्या नसतात. सोल्डरिंगचा सराव नसल्यास थोडे जास्त पैसे मोजून ‘पिको एच’ घ्यावा. पिनांची नावे खालच्या बाजूला छापलेली आहेत, त्यामुळे ब्रेडबोर्डवर (सोल्डरिंगविना जोडणी करण्याच्या छिद्रांच्या पाटीवर) बसवल्यावर पिनांचा नकाशा शेजारी ठेवूनच वायरी जोडाव्या लागतात, आणि हे मला अजूनही खटकते.

सर्वांत मोठी सावधगिरी व्होल्टेजची. पिकोच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत. टाकीतील पाण्याची पातळी मोजण्यासाठी मी घेतलेला अल्ट्रासॉनिक सेन्सर ५ व्होल्टचा सिग्नल परत पाठवतो. तो थेट न जोडता एक आणि दोन किलोओहमच्या रेझिस्टरांनी उतरवून घेतला. अशी बहुतेक जोडणी ५ व्होल्टच्या जुन्या सुट्या भागांशीच करायची असेल, तर उनो अधिक सोयीचा ठरेल.